बटण खाली, चुका वर

भावजी, मी तुमच्या फाइलींना हात लावला. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं. "वहिनी, कॉपी काढली का?" असंच विचारलं असतंत, तर काढली आहे. दोन ठिकाणी ठेवली आहे. तरी जीव थाऱ्यावर नव्हता, अजूनही नाही.

तुम्ही गेलात त्याला आठवडाही झाला नव्हता. तुमच्या खोलीत पिठावर दिवा तेवत होता, ओटीवर सतरंज्या पसरलेल्या, शेजारच्या घरांतून पिठलं-भात येत होता, आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता, कसं झालं, कधी झालं. शालू नवऱ्याचं जाणं पुन्हा पुन्हा सांगून दमली होती. मी नुसती आत-बाहेर करत होते. अशात आपल्या गाडीचा ड्रायव्हर, बाळाराम आला. ओटीच्या कडेला टेकला, टोपी गुडघ्यावर ठेवली. चहा दिला, तोही निवत ठेवला.

"वैनी, बोलू का नको समजत नाय. ही काय वेळ नाय बोलायची."

"बोल रे, आलास तर."

"मंगळवारी कोंडाण्याच्या फाट्यावर एक बाई उभी होती. पिशवी घेऊन. म्हणती, माझी नोंद हाय. मी यादी बघितली, तर नाय. गाडी भरलेली. तिला बोललो, शुक्रवारी ये."

"मग?"

"मंग काय. मला शिव्या घातल्या आन् चालत परत वर गेली." त्यानं टोपी उलटीसुलटी केली. "पोटुशी होती, वैनी. पाय सुजले व्हते."

तुम्हाला विचारायला म्हणून मी वळले, अगदी खोलीच्या दारापर्यंत गेले. मग दिवा दिसला.

ही गाडी तुमचीच हौस. मंगळवारी आणि शुक्रवारी डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं कर्जतला दवाखान्यात न्यायची, संध्याकाळी परत सोडायची. एका फार्महाऊसवाल्यानं जुनी गाडी दिली, बाळाराम चालवायला तयार झाला, आणि फाट्यावर माणसांची ढकलाढकली नको म्हणून नोंदीची वेबसाइट तुम्ही केलीत. तुम्ही 'आपण केली' म्हणायचात. खरं तर मी शब्द लिहायचे, पानाचं रूप बघायचे आणि भांडायचे.

भांडण कशावरून, तर चुका कुठं दाखवायच्या. लोकांना सांगितलं तर हसतील. दीर-भावजय घरातल्या वाटणीवरून भांडतात, आपण भांडलो ते माणसानं फॉर्म चुकीचा भरला तर लाल अक्षरं वर यावीत की खाली, यावरून. तेही वर्षभर!

तुम्ही रसायनीच्या कारखान्यात जन्मभर मीटर आणि अलार्म सांभाळलेत. तिथं कंट्रोल रूमच्या भिंतीवर उंच दिव्यांची पाटी असायची. काही बिघडलं की लाल दिवा, आणि माणूस कुठंही असो, मान वर केली की कळलं. म्हणून तुमचं म्हणणं, जे काय चुकेल ते सगळं एका चौकटीत, वर. मी शिलाईवाली. ब्लाउज काखेत धरत असेल तर मी खडूची खूण काखेतच करणार, गळ्याला चिठ्ठी लावून पाठवणार नाही.

"वहिनी, माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे, किती चुकलंय."

"किती ते कळून काय करायचंय? कुठं चुकलंय ते दाखवा."

"तुमच्या पद्धतीनं फॉर्म म्हणजे गोवर आलेलं पोर दिसेल."

"आणि तुमच्या पद्धतीनं पोलीस चौकीतला बोर्ड."

"अहो, चहा हवा असेल तर दोघांनी आधी गप्प बसा," शालू आतून ओरडायची.

तुम्ही मला समजावलं होतंत ते अजून शब्दाला शब्द आठवतं. आपण वापरतो ते फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, तपासणी स्वतःच करतं. माणसानं भरलेलं सगळं घेतं, नियमांना लावून बघतं, आणि जे बसत नाही त्याच्या चुका एका पिशवीत घालून परत देतं. कोणती चूक कोणत्या रकान्याची, ते लिहून. "पिशवी कुठं ओतायची ते मात्र आपण ठरवायचं. ते आपल्यासाठी कुणी ठरवत नाही." मी म्हटलं, हे तर बाजारातून आणलेल्या भाजीसारखंच झालं, आणि तुम्ही एवढे हसलात की चष्मा पुसावा लागला.

पिशवीतून येणारे शब्द मात्र मी जसेच्या तसे ठेवू दिले नाहीत. 'अवैध मूल्य' म्हणे. अवैध म्हटलं की मला पोलिसांनी पकडलेला वाळूचा डंपर दिसतो. म्हातारा माणूस एक आकडा कमी लिहितो, त्याला अवैध काय म्हणायचं? मी लिहिलं, 'मोबाइल नंबर दहा आकडी लिहा.' तुम्ही वाचलंत, मान हलवलीत, आणि बाकीचे सगळे शब्द माझ्यावर सोडलेत. चौकटीची जागा तेवढी सोडली नाहीत.

आणि ते 'पतीचे नाव'! आठवतं? कुणाच्या तरी जुन्या अर्जावरून तुम्ही तो रकाना उचललात आणि भरलाच पाहिजे असा नियम लावलात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका मेल्या तरी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. फोनला बोलून लिहिता येतं हे त्यांना नातवंडांनी शिकवलेलं, त्यामुळे पहिल्याच यादीत आलं, 'आमचे हे'. दुसरीनं सांगितलं होतं, 'बाळूचा बापूस'. आणि एकीला फोननं नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं सरळ सांगितलं, 'घरात नाहीत.' फॉर्मनं ते मुकाट्यानं घेतलं. नियम काय होता, रकाना रिकामा नको. रिकामा नव्हताच. बाळाराम फाट्यावर उभा राहून यादी वाचत होता म्हणे, "घरात नाहीत यांची बायको कोन?" तुम्ही आधी चिडलात, मग स्वतःवरच हसत सुटलात आणि तो रकाना काढून टाकलात. ज्या माहितीचं आपण काही करत नाही ती मागायचीच कशाला, म्हणालात. तुमचं हे मला फार आवडायचं, भावजी. चूक कळली की तुम्ही तिला कवटाळून बसायचा नाहीत. त्या चौकटीचं तेवढं वेगळं.

तर बाळाराम गेला आणि मी त्या बाईचाच विचार करत बसले. तिनं नोंद केली होती असं ती म्हणते, आणि यादीत तर नाही. खोटं कशाला बोलेल? सुजलेल्या पायांनी कुणी एवढं उतरून येतं का उगाच? म्हणजे फॉर्मनं तिला नाही म्हटलं आणि तिला ते कळलंच नाही. आणि हे एकीचंच की आणखी किती जणांचं? जे फाट्यापर्यंत आलेच नाहीत त्यांचं कोण सांगणार? शुक्रवार तोंडावर. जेवण जाईना.

तुमचं मशीन खोलीत, खोलीत दिवा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आत गेले तर मागून उषावन्सं आल्या. तुमची मोठी बहीण, तुम्हाला माहीतच आहे.

"मालती, सुतकात कॉम्प्युटर लावून बसणार? बाहेर माणसं आहेत. काय म्हणतील?"

खरंच काय म्हणतील! तेवढ्यात शालू भिंतीला धरून उठली. इतके दिवस ती स्वतःहून कुणाशी बोलली नव्हती.

"बसा ताई," मला म्हणाली. "गाडीचं काम अडलेलं त्यांना खपायचं नाही." आणि पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली.

मी बसले खरी, पण बोटं चालेनात. तुमचं लिहिलेलं सगळं समोर. तुम्ही कंसापुढे जागा सोडायचात ती जागा, मध्ये मध्ये माझ्यासाठी मराठीत लिहिलेल्या ओळी, 'वहिनी, इथं हात लावू नका.' आणि मला नेमका तिथंच हात लावायचा होता. मोडलं तर? शुक्रवारची आलेली नावंही गेली तर? ती दुरुस्त करायला आता कुणाला हाक मारू? आणि रागही येत होता तुमचा, हे लिहिताना लाज वाटते, पण येत होता. असं मध्येच उठून कुणी जातं का?

नियम सापडला. एका फेरीला एक नंबर एकदाच. तोही तुम्ही चांगल्यासाठीच लावला होतात. रेंज नसली की लोक बटण दोनदोनदा दाबायचे आणि एका माणसाच्या दोन जागा अडायच्या. पण वरच्या वाडीत सगळ्यांत मिळून एक फोन. पांडूबाबा दर मंगळवारी डोळ्यांसाठी येतात, ते आधी त्याच नंबरावर नोंदवून बसलेले. मग त्या बाईला फॉर्मनं उत्तर दिलं, 'हा नंबर आधीच नोंदवलेला आहे.' वर. चौकटीत. लाल.

नियम बदलला. आता नावही तेच आणि नंबरही तोच असेल तरच अडवायचं. ते सोपं होतं. मग चुकांकडे वळले. मनात म्हटलं, आता कुणी अडवणारं नाही. (म्हटलं आणि लगेच डोळे भरले.) चौकट काढली आणि प्रत्येक रकान्याच्या खाली त्याची त्याची चूक लावली. जशी मला वर्षभर हवी होती तशी. नंबर चुकला की नंबराच्या खाली लाल ओळ. किती नेटकं दिसत होतं! जिंकल्यासारखं वाटलं क्षणभर.

मग शालूला म्हटलं, तुझ्या फोनवर भरून बघ, नंबर मुद्दाम चुकीचा लिही. ती कधी या भानगडीत पडलेली नाही. तिनं भरलं. नाव, नंबर, वाडी, कुठल्या दिवशी, सोबत कोण, कशासाठी, सगळं. खाली सरकत सरकत गेली, बटण दाबलं, फोन माझ्या हातात दिला.

"झालं."

"काय झालं?"

"दाबलं ना. झालं."

"लाल काही दिसलं का?"

"कुठं? काहीच नाही."

मी बघितलं. बटण दिसत होतं, वरचे दोन रकाने दिसत होते. नंबराचा रकाना आणि त्याखालची माझी नेटकी लाल ओळ पडद्याच्या पार वर, दिसेल अशी सोय नाही. भावजी, तुम्हीही चुकलात आणि मीही. तुम्ही म्हणत होतात वर, मी म्हणत होते जागच्या जागी, आणि त्या वेळी माणसाची नजर कुठं असते हे दोघांनीही विचारलं नाही. ती बोटाखाली असते. बटणापाशी.

आणि पहिल्यांदा असं नव्हतंच. आधी बटण दाबलं की अख्खं पान नव्यानं उघडायचं, माणूस आपोआप वर जायचा, तुमची चौकट समोर यायची. तेव्हा तुम्ही बरोबर होतात. पण वाडीत पान उघडायला युगं लागतात, मधेच तुटतं, भरलेलं जातं, म्हणून लोकांची दया येऊन तुम्ही पान जागचं न हलवता चुका मागवायची युक्ती केलीत. पान हललं नाही, भरलेलं टिकलं. चौकट मात्र होती तिथंच राहिली, वर, आता कुणीच न जाणाऱ्या जागी. आपण दोघंही तेव्हा हजर होतो. रंगावरून भांडत असू.

तुम्ही असतात तर मी आरडाओरडा करून सांगितलं असतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून "हां... हां..." केलं असतंत, आणि तेवढ्या वेळात मला कळलं असतं की पटलंय. आता पटलं की नाही ते कोण सांगणार मला?

शेवटी असं केलं. बटणाच्या अगदी डोक्यावर मोठ्या अक्षरांत, 'नोंद झाली नाही.' त्याखाली काय चुकलंय त्याची एकेक ओळ, आणि ओळीवर बोट ठेवलं की पान आपणहून त्या रकान्यापाशी जातं. तिथं माझी लाल ओळ आहेच. म्हणजे तुमची चौकटही राहिली, वरून खाली उतरली एवढंच. आणि सगळं बरोबर असेल तर 'नोंद झाली' हेही तिथंच, हिरव्यात, कारण न बोलणं म्हणजे होकार असं लोक धरतात. शालूनं पुन्हा चुकीचा नंबर घालून दाबलं. "झाली नाही म्हणतंय," तिनं जरा वैतागूनच सांगितलं, आणि मी तिचा हात धरला.

आता ती बाई. पांडूबाबांच्या नोंदीतला नंबर लावला. त्या वाडीत रेंज पाण्याच्या टाकीपाशीच येते, त्यामुळे लागेना. लागला तेव्हा कुणीतरी उचलला, आणि "पोटुशी? सुगंधा व्हय?" म्हणून हाका मारत गेलं. मी कानाला फोन लावून उभी. उषावन्सं माझ्यापुढे येऊन उभ्या.

"कोन?" आवाज पोरसवदा आणि रागातला.

"गाडीवाल्यांकडून बोलते गं. मालती. मंगळवारी तुला गाडीत घेतलं नाही..."

"मी येनार नाय आता. मी दाबला व्हता बटन. तुमीच नाव घेतला नाय."

"तू दाबलंस, बाई. आमच्या फॉर्मनं नीट सांगितलं नाही. आमची चूक. शुक्रवारी ये, मी नाव लिहून ठेवते."

"नको."

"अगं, नको काय? डॉक्टर काय म्हणाले तुला?"

मग हळूच, "दर आठवड्याला या म्हनाले. बीपी हाय. पयला राहिला नाय माझा."

माझ्या तोंडावरून वन्संना काय ते कळलं असावं, त्या खाली बसल्या.

"मग येशील ना गं? मी लिहिते नाव."

"तुमी नको लिवू. मी भरते. मला दिसला पायजे."

ती म्हणत होती ते बरोबरच होतं. एकदा नोंद झाली असं समजून फसलेली, आता दुसऱ्याच्या सांगण्यावर कशाला उतरून येईल? मी म्हटलं, भर. आणि येऊन तुमच्या खुर्चीत बसले.

ती दुपार कशी गेली विचारू नका. यादी उघडायची, नाही. पुन्हा उघडायची, नाही. मोडलं असेल का मी काही? स्वतःच एक खोटी नोंद करून बघितली, आली, पुसली. मग रेंज नसेल. मग वाटलं रागानं भरलीच नसेल. मग नको ते वाटायला लागलं. वन्सं दारातून विचारून जायच्या, "आली का गं?" सकाळी ह्याच मला उठवायला आल्या होत्या! "नाही हो." परत यायच्या. "आता?"

आली. सुगंधा, वाडीचं नाव, तोच नंबर, शुक्रवार. सोबत कोण, तर सासू. मी एवढ्यांदा "शालू!" म्हणून ओरडले की ओटीवरची माणसं दचकून उभी राहिली.

शुक्रवारी बाळारामनं फाट्यावरून फोन केला, "बसली, वैनी. म्हनते, हिरवा आला व्हता." आणि दुपारी दवाखान्यातून केला, तेव्हा आवाज वेगळा होता. "ठेवून घेतली तिला. बीपी लई वाढलाय. डॉक्टर बोलले, आज आणली ते बरं केलं." ते बरं केलं ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला उलट मंगळवार आठवला. तेव्हापासून तुमचा तेरावा होईस्तोवर मी फोन पदराला बांधल्यासारखी हिंडत होते. भटजी मंत्र सांगत होते आणि माझं लक्ष फोनकडे. रागावू नका.

तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. हे गेले तेव्हा मी दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसायचे. शिलाईचं मशीनही उघडत नव्हते. तुम्ही एक दिवस जुना लॅपटॉप आणून मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "वहिनी, यात चुकलं तरी कापड फुकट जात नाही." बस. समजूत नाही, सांत्वन नाही. साठी उलटलेल्या, सातवी शिकलेल्या बाईला तुम्ही चुकायला शिकवलंत. दिराला कुणी आभार म्हणतं का, म्हणून राहून गेलं. आणि आता बोलायला बसले तर चौकटीबद्दलच जास्त बोलले.

काल सुगंधाचा फोन आला, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या फोनवरून. वेळेआधी झालं, ऑपरेशन करावं लागलं, मुलगी आहे. मुलीला काचेच्या पेटीत ठेवली होती, आता तिच्याजवळ दिली आहे. आणि उद्या घरी सोडणार, तर परतीच्या गाडीत जागा पाहिजे. आवाज थकलेला, पण चिडलेली होती थोडी.

"आजी, माझी नोंद झाली. तिची घेत नाय."

"तिची कशाला गं? मांडीवरच येईल ना ती."

"मानूस हाय ना ती? तिची पन करायची. पन बटनावर लाल येतो. 'नाव लिहा' म्हनतो. अजून नाव नाय ठेवला. बारसा झाला नाय."

"मग लिही काहीतरी. बाळ म्हणून लिही."

"खोटा कशाला लिवू?"

मी तिला म्हटलं, थांब जरा, फोन ठेवू नको. तुमच्या खुर्चीत बसले, फाइल उघडली. नावाचा रकाना, भरलाच पाहिजे. कॉपी काढली. ओळीपुढे तुमचं लिहिलेलं होतंच, इथं हात लावू नका. तेवढ्यापुरता नियम सैल केला, तान्हं बाळ असेल तर नाव नसलं तरी चालेल. ठेवलं. म्हटलं, "आता दाब."

पलीकडे दवाखान्यातला गलका, कुणाची तरी भांडी, मुलीचं रडणं. मग सुगंधा म्हणाली, "हिरवा आला."

यादीत तिच्या नावाखाली एक ओळ आली आहे, भावजी. वाडी आहे, दिवस आहे, सोबत आई. नावाची जागा रिकामी आहे. बाळारामला सांगून ठेवलंय, ती ओळ वाचताना चुकून सोडू नको.